ज्याचा पंजा, त्याचे घर

मी, हनोख शालोम तुडीलकर, वय एकोणऐंशी, जात बेने इस्राएल म्हणजे कोकणातले यहुदी, पूर्वीचा धंदा सुतारकाम, शिक्षण सातवीपर्यंत, राहणार तुडील, तालुका महाड, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. मुलगा रुबेन हे नाकारणार, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. डॉक्टरांनी वार विचारला, तो मी बरोबर सांगितला. तरी घरी येऊन कॅलेंडर पाहिले.

१. माझे रंधे, पटाश्या व करवती काशीरामला द्याव्यात. त्याने माझ्या हाताखाली काम केले आहे. रुबेनने पटाशीने नारळ सोडून काही फोडले नाही.

२. बँकेतील शिल्लक मुलगी मिल्का, राहणार अश्दोद, इस्राएल, हिला मिळावी. ती दर शुक्रवारी फोन करून तब्येत विचारते. रुबेन शेजारच्या खोलीत असून विचारत नाही.

३. तुडील येथील राहते घर मी माझ्या कमाईने बांधले आहे. ते भिकू व त्याची बायको बनुबाई यांना द्यावे. याचे कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर म्हातारा चळला म्हणतील.

आमच्यात पेसाहच्या सणाला कापलेल्या बकऱ्याच्या रक्तात घरधनी हात बुडवतो आणि कागदावर पंजा उमटवून तो दारावर लावतो. मिसर देशात आम्ही गुलाम असताना मरण घरोघर थोरल्या मुलांना नेत फिरले, आणि रक्ताची खूण असलेली दारे ओलांडून गेले, त्याची ही आठवण. यंदा माझा हात स्थिर राहत नाही म्हणून मी पंजा उमटवायला रुबेनला सांगितले. त्याच्या अंगात नवा पांढरा सदरा. त्याने त्याच्या वीटभट्टीवरच्या भिकूला हाक मारली.

"ए भिकू, हात घाल यात. आणि बोटं फाकव नीट."

भिकू कातकरी. बकरा साफ करायचा समजून त्याने मनगटापर्यंत हात घातला. मी काठी शोधून उठेपर्यंत पंजा दारावर लागला होता.

रुबेन हंगाम संपेपर्यंत मजुरांची आधार आणि रेशन कार्डे आपल्या कपाटात कोंडून ठेवतो, म्हणजे कोणी मध्येच निघून जात नाही. माणसे अशी डांबून विटा पाडून घ्यायच्या, आणि वर्षातून एकदा हागादा ही पेसाहची पोथी उघडून आपण मिसरच्या फारो राजाच्या विटा थापत होतो असे गळा काढून वाचायचे. मला ओकारी येते. हे वाक्य वकिलांनी खोडायला सांगितले. मी खोडत नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही मिसरावर आलेल्या दहा पीडांची नावे घेत होतो. दर नावाला मनुकांच्या शरबतात बोट बुडवून एक थेंब बशीत टाकायचा असतो. माझे वडील सांगत, मार फारोच्या लोकांना बसला तरी तीही देवाचीच लेकरे. ती समुद्रात बुडाली तेव्हा गाऊ लागलेल्या देवदूतांना देवाने गप्प केले. दुसरा रडत असताना आपला प्याला काठोकाठ शोभत नाही, म्हणून थेंब काढायचा. बोट पुसायचे, चाटायचे नाही.

आठव्या पीडेपर्यंत, टोळांपर्यंत आलो तेव्हा बनुबाई दारात त्या पंजाखाली येऊन उभी राहिली.

"शेठ, माजी आय गेली पोलादपूरला. मातीला जायाचं हाय. कारडं तेवढी द्या."

"हंगाम संपू दे गो. तू गेलीस की परत कुठली येतेस?"

"पोरीला हितंच ठेवते शेठ. मग तर झालं?"

"आय काय आता उठून तुझी वाट बघणार हाय?" असे म्हणून रुबेनने अंधाराचे नाव घेतले, थेंब काढला आणि बोट चाटले.

ते कपाट मी बनवले आहे. बिजागरी कुठून सुटते ते मला ठाऊक आहे. सगळ्यांची कार्डे काढून मी बनुबाईच्या पदरात टाकली. शेजारी मुनाफ याने आपला टेम्पो काढला आणि भट्टीवरची सगळी कुटुंबे गेली. रुबेन ओरडला, "बाबा, तुमचं डोकं फिरलंय!" तो अजून तेच म्हणतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

मिसरात नदीचे रक्त झाले तेव्हा पाण्यावर काठी आम्हाला सोडवणाऱ्या मोशेने मारली नाही, त्याच्या भावाने मारली. जुने ज्ञानी कारण सांगतात की तान्हेपणी मोशेला त्याच पाण्याने लपवले होते, त्यावर त्याने हात कसा उगारावा? पाण्याचे उपकार एवढे मानायचे, तर माणसाचे किती? रुबेन माझा थोरला. खूण खरी मानायची तर यंदा तो भिकूच्या हाताखाली वाचला. घरधन्याच्या जागी ज्याचा पंजा, घर त्याचे. रुबेन उघड्यावर पडत नाही, त्याचा महाडात फ्लॅट आहे.

भिकूला मी हे सांगायला बोलावले होते. त्याने विचारले, "घरात काम काय करायचं हाय, बाबा?" काम काही नाही, राहायचे आहे. हे मुनाफने त्याला समजावून सांगावे. माझ्याने झाले नाही.

४. भट्टीखालची नदीकाठची जमीन माझ्या नावे आहे. ती मिल्काला मिळावी. तिथे पुन्हा भट्टी लावू देऊ नये. रुबेन नव्या मजुरांच्या शोधात फिरतो आहे असे ऐकतो. मला झोप लागत नाही.

५. हे सर्व अमलात आणण्याचे काम मुनाफकडे सोपवतो. त्याने घाबरू नये. मी घाबरतो तेवढे पुरे.

६. मला महाडला आमच्या कबरस्तानात पुरावे. मुलाने बापासाठी म्हणायच्या कद्दीशच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते पनवेलहून बोलवावेत. भट्टी पेटती असेल तर रुबेनने माझ्यासाठी कद्दीश म्हणू नये, परक्याने म्हणावा. पण तो भट्टी विझवून आला, तर कितीही उशीर झाला तरी सर्वांनी त्याच्यासाठी थांबावे. माती ढकलायची घाई करू नये.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मीही वाचला. साक्षीदारांपैकी कोणालाही यातून काही मिळत नाही, हे वकिलांना दोनदा विचारून घेतले आहे.

ठिकाण : तुडील
तारीख : १९ मे २०२५

सही : हनोख शालोम तुडीलकर

आमच्यासमोर त्यांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली :
१. मुनाफ, टेम्पोमालक, तुडील
२. महिपत, निवृत्त पोस्टमन, दासगाव