कुरवंड्याच्या रानातला टर्की

१० डिसेंबर १९३४
आणि पुन्हा सांगतो, खुराड्याचं दार मी लावलंच होतं. कडी निसटली तर तो कडीचा दोष. बंगल्याचा बटलर उगाच मला बोलतो. टर्की म्हणजे विलायती कोंबडा, अंगानं मोराएवढा, साहेबानं नाताळच्या जेवणासाठी मुंबईहून आणलेला. काल उडून कुरवंड्याच्या रानात गेला. साहेब चोवीसला लोणावळ्यात येणार. तोवर धरून आणतो. किरकोळ काम.
घरी पत्र टाकलं. धाकट्या भावाच्या, महिपतीच्या, बोर्डिंगची फी दहा रुपये महिनाअखेर पाठवतो. नक्की. मी शिकलो नाही, तो शिकेल.

१२ डिसेंबर
कुरवंड्याला गेलो. तिथं हौशीराम म्हणून पोरगा आहे, पंधराएक वर्षांचा. फासे लावून ससे, रानकोंबडे धरतो. त्याला म्हणालो, तुमच्या रानात नवीन जातीचा पक्षी आलाय, मी सांगोल्याकडचा शिकारी. बंगल्याचं नाव काढलं नाही. माळ्याला कोण विचारतो? शिकाऱ्याला चहा मिळतो. मिळाला. गुळाचा.
पोराला थोडं ट्रेनिंग द्यावं म्हणतो.

१४ डिसेंबर, सकाळी
करवंदीच्या जाळीमागं दिसला. मी झेप घेतली. जाळीत पडलो. हौशीराम म्हणाला, "दादा, तुमी खोकला." मी खोकलो नव्हतो, फक्त श्वास घेतला होता. काटे काढताना त्यानं विचारलं, सांगोल्याकडं असंच धरत्यात व्हय? म्हणालो, शिकाऱ्यानं कमी बोलावं.

१७ डिसेंबर
टर्कीचा आवाज मला हुबेहूब येतो. तासभर काढला. गावची कुत्री आली. हौशीराम पोट धरून म्हणाला, "दादा, पाखराला वाटलं आसंल कुनीतरी मरतंय." उद्या येऊ नका, मी एकटाच फासा लावतो, म्हणाला. परमिशन दिली.

२० डिसेंबर
पाय मुरगळलाय. विश्रांती.

२२ डिसेंबर
सांगोल्याचा शिकारी कुठं उतरलाय असं विचारत हौशीराम हसत बंगल्याच्या फाटकाशी आला. हातात पळसाच्या पानात बांधलेली मांडी. म्हणाला, घावला काल. त्यांच्या गावात शिकारीचे वाटे पडतात. घरटी एक. अकरा घरांत वाटला, आंधळ्या रतनबाईलाही. आणि ज्यानं माग दाखवला त्याला मांडी. "समदे म्हनत्यात, शिकारी लय भला मानूस."
तो गेल्यावर मांडी पुरणार होतो. पण कुत्रं उकरील, म्हणून शिजवली. खाल्ली.

२४ डिसेंबर
साहेब आला. विचारलं, टर्की कुठाय? मी म्हणालो, कुरवंड्याच्या पोरानं चोरला. नाव सांगायचं नव्हतं. साहेब ओरडला. सांगितलं.

२५ डिसेंबर
हौशीरामला धरून आणला. व्हरांड्यात उभा केला. रडला नाही. म्हणाला, व्हय, मीच धरला. रानातलं पाखरू हाय असं ह्या दादांनी सांगितलं. मांडीबी ह्यांनाच दिली.
मग माझ्याकडं बघून म्हणाला, "बंगल्यातला हाय म्हनला असता तर जित्ता आनून दिला असता की. पाय नुस्ता फाशात अडकला व्हता."
मग मी बोललो. आधी थोडं. साहेब बघतच राहिला, तेव्हा सगळं. कडीचंसुद्धा. टर्कीचे साडेबारा रुपये माझ्या पगारातून जाणार. पोराला सोडलं.
फाटकाशी त्याला म्हणालो, चहा घेऊन जा. "नगं," म्हणाला. पुढं दादा म्हणाला नाही.

३१ डिसेंबर
पगार चौदाचा दीड झाला. महिपतीला पत्र लिहिलं. पहिल्यात लिहिलं, पोस्टानं घोळ केला. फाडलं. दुसऱ्यात आजारी पडलो. तेही फाडलं. तिसऱ्यात लिहिलं, चूक माझी आहे, मास्तरांना महिनाभर थांबा म्हण, आणि ते नाही म्हणाले तर तसं कळव. काय झालं ते लिहिलं नाही. तेवढं धाडस अजून नाही.
मनिऑर्डर केली. रुपया एक, आणे चार.