ओकाएरी

मंगळवार, दिवेलागण

कार्टून पाहून हौसेनं शिकलेलं जपानी आज पहिल्यांदा खऱ्या जपानी माणसाशी बोलले. आमच्या शिर्डीच्या हॉटेलात उतरलेल्या जपानी आजी दर्शन घेऊन परतल्या, तेव्हा काउंटरवरून मी म्हणाले, "ओकाएरी!" म्हणजे, आलात का घरी. त्या काचेच्या दारातच थांबल्या. "तादाइमा", आले गं, एवढंच पुटपुटून पुन्हा बाहेर गेल्या, पुन्हा आत आल्या. मी पुन्हा म्हणाले. असं किती वेळा!

वॉचमन म्हणाला, "ताई, आजींला बरं न्हाई व्हय?"

मी आजींना जपानीत विचारलं, "घरी कोण असतं?"

"आता कुणीच नाही."

का विचारलं मी? दुपारी त्यांची गाडी गेली. तरी दार नुसतं वाऱ्यानं हललं, की माझ्या तोंडून "ओकाएरी" निघायचं. दारात कुणी नसायचं.