आमच्या घरी असलं काही नाही

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (रोज जिने चढून गुडघे संपावर गेलेत, म्हणून कागदावरच घालते.) तुझी कंबर कशी आहे? आतोबांचं घोरणं कमी झालं का?

इकडे मी सध्या शहरात किती जणांना फिट येते ते मोजते आहे. घरोघरी जायचं, छापील प्रश्न विचारायचे, चौकोनात खूण करायची. पहिल्या आठवड्यात एकशे ऐंशी घरं झाली आणि फिट येणारं माणूस एकही नाही! मोठ्या डॉक्टरबाई तक्ता बघून म्हणाल्या, "एवढं निरोगी शहर असतं तर मी वकील झाले असते." जिथे जावं तिथे एकच उत्तर, आमच्या घरी असलं काही नाही. (मुलगी लग्नाची असली तर ते दार उघडण्याआधीच मिळतं.)

मग बाईंनी प्रश्न सैल केले. मध्येच हरवल्यासारखं होतं का? झालं, आगीतून फुफाट्यात! बायकांनी नवऱ्यांची नावं धडाधड दिली. एका शिंपीणबाईंनी तर "काम सांगितलं की ह्यांना रोज होतं" म्हणून सहीसुद्धा ठोकली. एका दिवसात एकसष्ट रुग्ण, त्यांतले एकोणसाठ नुसते आळशी.

शेवटी बाईंनी खरी मेख सांगितली. ज्याला फिट येते त्याला बहुतेकदा काहीच आठवत नाही, तेव्हा विचारायचं ते पाहणाऱ्याला. एका निवृत्त मास्तरांनी ठणकावून 'नाही' म्हटलं, तर मागून त्यांची बायको म्हणाली, "अहो, मीच धरते ना तुम्हाला." मास्तर तिच्याकडे बघतच राहिले.

बाकी सर्व क्षेम.

तुझी लाडकी (असं तूच म्हणतेस) भाची

ता. क. काल कुठली घरं घ्यायची त्याच्या चिठ्ठीत आमचीच इमारत निघाली. माझी कामावरची जोडीदारीण फॉर्म घेऊन आली. आई 'नाही' म्हणाली, तिला बिचारीला माहीतच नाही. मीही खुशाल मान हलवली! संध्याकाळी लाज वाटून दवाखान्यात गेले आणि खोडून 'हो' लिहिलं. बाई रागावल्या नाहीत. "पाहिलंय कोणी?" एवढंच विचारलं. दोन्ही वेळा मला तुझ्याच घरी झालं, म्हणून तुझं नाव सांगितलं. कुणाला न सांगण्याची तू घातलेली शपथ मोडली. रागव हवं तर, पण गुरुवारी अकराला दवाखान्यात ये. मला एकटीला भीती वाटते.

आणखी एक. बाई आधी विचारतात, किती वेळ चाललं? उत्तर मिनिटांत लागतं. तू तेव्हा 'एक जन्म गेला' म्हणाली होतीस, त्याला फॉर्मात चौकोन नाही.