झाडलोटीपुरती किल्ली

सोमवार, ता. ६

प्रिय दादास,

तुझ्या धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, तुम्ही सगळे बरे असाल. आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, शेकत जा, नुसतं चोळून भागणार नाही. वहिनीने पाठवलेला स्वेटर मिळाला. बाह्या जरा लांब झाल्यात, पण ऑफिसात माझी खुर्ची दारासमोर असल्यामुळे लांबच बऱ्या.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तू दुकानात फोन स्पीकरवर ठेवतोस आणि पंक्चर काढता काढता बोलतोस, त्यामुळे माझं बोलणं तुझी सगळी गिऱ्हाइकं ऐकतात. मागे त्यातल्याच एकाने मला "पोरी, वेळेवर जेवत जा" असं बजावलं होतं. म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. मी शाळेतून येऊन जे शिकवलं त्यावरच तू वाचायला शिकलास, तेव्हा कुठे अडलास तर तो मास्तरणीचा दोष समज. वहिनीला लगेच वाचायला देऊ नकोस. म्हणजे दे, पण आधी तू वाच.

आई शेजारणीला सांगते म्हणे, "आमची धाकटी शाळा बांधते." तिला एकदा समजावून सांग. शाळा मी बांधत नाही. नकाशा मुख्यालयातून येतो, सगळ्या देशाला एकच. बांधतो ठेकेदार. बांधकाम तपासतात अभियंते. लक्ष ठेवते आणि शेवटी इमारत ताब्यात घेते ती तिथली शाळा समिती, म्हणजे तुमच्याकडे तू आणि तुझी मंडळी. आम्ही सहाय्य कक्षवाले या सगळ्यांच्या मध्ये. समितीला तिचं काम समजावून द्यायचं, एवढंच आमचं काम. काय करावं ते सांगायचं नाही. आमच्या मोठ्या बाई म्हणतात, "आपण कंदील धरायचा, रस्ता दाखवायचा नाही." कंदील धरला की रस्ता दिसणारच, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

नोकरीला लागले त्याच दिवशी मी लिहून दिलं होतं की आमच्या वस्तीच्या समितीचा अध्यक्ष माझा सख्खा भाऊ आहे, ते काम माझ्याकडे नको. कोणी विचारलं नव्हतं. मीच दिलं. बाईंनी कौतुक केलं आणि तुमची वस्ती माझ्या शेजारच्या टेबलाकडे गेली. त्या टेबलावरच्या गृहस्थांना आम्ही एक्स्प्रेस म्हणतो. माणूस चांगला आहे, पण एका दुपारी तीन समित्यांच्या बैठका उरकतो.

परवा फोनवर तू म्हणालास, "शाळेची किल्ली आली बरं का माझ्या हातात!" मागे कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. मी "अरे वा" म्हटलं. ते तुला कोरडं वाटलं, असं वहिनी म्हणाली. ते कोरडंच होतं.

माझ्याकडच्या समित्यांना मी पहिल्या बैठकीत एक गोष्ट आवर्जून सांगते, ती तुलाही माहीत असेल. आमच्या कार्यक्रमात ज्याच्या हातात किल्ली त्याची इमारत. सही नंतर होते, किल्ली आधी. किल्ली घेतल्यावर काही बिघडलं तर ते ठेकेदाराने नाही, समितीने निस्तरायचं. एक्स्प्रेसने तुम्हाला हे सांगितलं होतं का? याचं उत्तर मला देऊ नकोस. मला विचारायचा अधिकार नाही.

तुला किल्ली कोणी दिली आणि कशासाठी, तेही मला सांगू नकोस. पण स्वतःला विचार.

शेवटची खोली उताराच्या बाजूला आहे ना? सहज विचारते. तिथे जाऊन जमिनीवर टाचा आपटून बघ. तेही सहज. पहिल्या खोलीतही आपट, म्हणजे फरक कळेल.

तुझ्या चिमणीचं दप्तर आलं का? पहिल्याच दिवशी सगळी पुस्तकं भरून पाठवू नका, खांदे दुखतात.

आईला नमस्कार, चिमणीला पापा.

तुझी,
धाकटी


गुरुवार, ता. ९

प्रिय दादास,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र आपल्या बाजूला येणाऱ्या संध्याकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. तो दुकानावरून जाताना देईल. त्याच्यासमोर फोडू नकोस.

काल तू जे बोललास ते मला लागलं नाही, असं लिहिणार होते. पण लागलं. तू म्हणालास, "टाचा आपट, सहज विचारते, कोडी घालतेस का मला?"

मी म्हटलं, "मला सांगता येत नाही, दादा."

"सांगता येत नाही? मग एवढी शिकलीस कशाला?"

"नियम आहे."

"नियम तुझ्यापाशी ठेव, साहेबीणबाई. सोमवारी शाळा उघडतेय. अख्ख्या वस्तीला सांगून बसलोय मी. पोरं रोज खिडक्यांना नाकं लावतायत. त्या सुपरवायझरने झाडून-पुसून घ्यायला किल्ली दिली, मी घेतली. माणूस माणसाला किल्ली देतो, त्यात काय एवढं? आणि तू हे अधिकारी म्हणून विचारतेस की बहीण म्हणून? एकदा ठरव, मग फोन कर."

मग तू फोन ठेवलास. मागे पंप मारण्याचा आवाज येत होता, म्हणजे हेही सगळं दुकानात झालं.

मी ठरवायचा प्रयत्न केला. बहीण म्हणून पाहिलं, तर वस्तीसमोर तुझी मान खाली जाऊ नये म्हणून मी गप्प बसायला हवं. अधिकारी म्हणून तर गप्प बसायचाच पगार मिळतो. दोन्हीकडून उत्तर एकच आलं, आणि ते बरोबर नाही हे मला दिसत होतं. तेव्हा तुझा प्रश्न तसाच राहू दे. मी जे ऐकलं ते सांगते.

मागच्या आठवड्यात ठेकेदाराचा सुपरवायझर आमच्या ऑफिसच्या जिन्यात फोनवर बोलत होता. मी पाण्याची बाटली भरायला निघाले होते. तो म्हणाला, "उताराकडची खोली ना? भराव एकदमच टाकला, थर-बिर कुठे घालत बसता. वरून फरशी मारलीय, दिसत नाही काही. खचायची तेव्हा खचेल. किल्ली दिलीय आपण त्या सायकलवाल्याला. भोळा माणूस आहे, झाडून घ्या म्हटलं तर खूश झाला."

भराव म्हणजे उतार सपाट करायला टाकलेली माती. ती थोडी थोडी टाकायची, पाणी मारायचं, चोपून घट्ट करायची, मग वरचा थर. एकदम टाकली की आत पोकळ राहते आणि पुढे फरशी भिंतीसकट खाली बसते. हे मला अभियंत्यांनी शिकवलं. तुमच्याकडे भराव टाकला त्या दिवसांत ते स्वतः रजेवर होते. आता तपासायला येतील तेव्हा त्यांना फक्त फरशी दिसेल.

'भोळा' हा शब्द मी गाळणार होते. मग वाटलं, गाळायचंच असतं तर पहिलं पत्र पुरे होतं.

आज सकाळी मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "जिन्यात ऐकलेल्या बोलण्यावर मी ठेकेदाराला थांबवू शकत नाही. समितीने किल्ली परत केली तर त्याच दिवशी थांबवीन. फरशी उखडून बघायला लावीन."

मी म्हटलं, "मग समितीला सांगायला हवं."

"ज्याचं काम आहे तो सांगेल."

"एक्स्प्रेस दौऱ्यावर आहेत. मंगळवारी येतील. तपासणी शनिवारी आहे."

बाईंनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "तू सांगू शकत नाहीस. तुझा भाऊ आहे. उद्या कोणीही म्हणेल, बहिणीने भावाला आतली माहिती पुरवली. आणि ते खोटं नसेल."

मी म्हटलं, "मी आज पत्र लिहिणार आहे. तुम्हाला आधी सांगावं, म्हणून आले."

त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या नाहीत. फार सभ्यपणे म्हणाल्या, "मग आजपासून समित्यांचं काम तुझ्याकडे नाही. बाकांच्या गोदामात जागा आहे, तिथे बसायचं. पुढचं मुख्यालय ठरवेल." मी "बरं" म्हटलं आणि दार ओढून घेतलं. आईला यातलं काही सांगू नकोस. तिला गोदाम म्हणजे बढती वाटेल, वाटू दे.

आता तुझं काम. उद्या समितीतल्या आणखी दोघांना बरोबर घे आणि सुपरवायझरला सगळ्यांदेखत किल्ली परत दे. एवढंच म्हण की झाडून घेण्यापुरती घेतली होती, इमारत आम्ही घेतलेली नाही. हे शनिवारच्या आत व्हायला हवं. अभियंत्यांनी 'काम पूर्ण' असा शेरा दिला की किल्ली परत घेत नाहीत. मग खोली खचली, तर ती तुमची.

सोमवारी शाळा उघडणार नाही. फरशी उखडतील, माती काढतील, पुन्हा भरतील. महिना जाईल, कदाचित जास्त. लोक म्हणतील, अध्यक्षाच्या बहिणीनेच घोटाळा केला. म्हणतील, सायकलवाल्याला कशाला अध्यक्ष केलं. तुझं दुकान रस्त्यावर आहे, तुला हे रोज ऐकावं लागेल. इथे दूर बसून मी ते तुझ्या अंगावर टाकते आहे, हे मला कळतं. यावर माझ्याकडे उपाय नाही.

मुख्यालयाच्या नकाशात पहिलीचा वर्ग शेवटच्या खोलीत आहे, नळ जवळ म्हणून. चिमणी तिथे बसेल. ती नसती आणि तिथे कोणाचीही पोरं बसणार असती, तरी मी हेच लिहिलं असतं, असं मला वाटतं. खात्रीने सांगता येत नाही.

उद्या आधी किल्ली देऊन ये. माझ्यावर रागवायचं ते नंतर रागव, हवं तितकं. दुकानात, स्पीकरवर रागव. मी फोन उचलेन.

तुझी,
धाकटी