अर्जदाराच्या पोटदुखीबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
पोटविकार विभाग, सार्वजनिक रुग्णालय

विषय: कॅमेऱ्याची गोळी अर्जदारासही गिळावयास मिळणेबाबत.
संदर्भ: अर्जदाराच्या पत्नीचा तपासणी अहवाल, शेवटची ओळ.

महोदय,

वरील विषयास अनुसरून अर्जदार (घड्याळदुरुस्ती, तीस वर्षे) सविनय कळवितो की, गेल्या पंधरवड्यात त्याच्या पत्नीस आपल्याकडे कॅमेऱ्याची गोळी देण्यात आली. कमरेला चित्रण टिपणारा पट्टा बांधून ती दिवसभर घरात वावरली. तपासणीत काही वावगे निघाले नाही. अर्जदाराची तक्रार त्याबद्दल नाही.

२. गोळीने काढलेले आठ तासांचे चित्रण आपल्या तंत्रज्ञाने पाहिले व अहवालाखाली "आतून अगदी नितळ" असे लिहिले. हा शब्द वैद्यकीय आहे काय, याचा खुलासा व्हावा. पत्नीने तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला असून हल्ली ते कपाट विनाकारण उघडले जाते. सदर तंत्रज्ञ तरुण आहे की कसे, हेही कळावे.

३. आठ तास बघण्यासारखे त्यात होते तरी काय, एवढेच अर्जदाराने घरी विचारले. त्यावर पत्नी म्हणाली, "त्यानं बघितलं तरी. तुम्ही भिंग लावून लोकांची घड्याळं बघता. मला शेवटचं कधी बघितलंत?" तेव्हापासून त्याचे पोट दुखत आहे.

४. आपल्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिले व कधीपासून दुखते असे विचारले. अर्जदाराने पत्नीच्या अहवालाची तारीख सांगितली. डॉक्टर हसले आणि "ही पोटदुखी आमच्या विभागाची नाही" असा शेरा मारून त्यांनी गोळी नाकारली. शेरा अर्जदारास मान्य आहे, हे लिहिणे त्याच्या जिवावर आले तरी. निर्णय मान्य नाही.

५. सबब विनंती की, अर्जदारासही गोळी द्यावी. चित्रण मात्र त्या तंत्रज्ञाने पाहू नये; त्याच्या खुर्चीत अर्जदाराच्या पत्नीस बसवावे. आत काही नितळ निघेल अशी खात्री नाही. गेल्या नऊ दिवसांत तर बरेच जळले असेल. तरी जे असेल ते तिने पाहावे, पूर्ण आठ तास. तेवढा वेळ मी शेजारी बसून तिच्याकडे बघेन. भिंग आणणार नाही.

आपला नम्र, पोट धरून,
(सही)
घड्याळदुरुस्तीवाला
दिनांक: अहवालानंतरचा नववा दिवस

सोबत:
१. अहवालाची प्रत (मूळ कागद पत्नी कपाटावरून काढू देत नसल्याने हाताने उतरवलेली)
२. डॉक्टरांचा शेरा