एकवीसपैकी एकवीस समाधानी

४ फेब्रु.
१. भूकंपानंतर संस्थेने बांधलेल्या नव्या वस्तीचं समाधान-सर्वेक्षण मी केलं. रिठदच्या अलीकडे. एकवीस घरं, तीन दिवस.
२. प्रत्येक घरात आत बसून अर्ज भरला.
३. एकवीसही घरं 'समाधानी'.
४. अहवाल शनिवारी पाठवला. सही माझी.
५. आज साहेबांचा फोन : "छान! म्हणजे दुरुस्तीचा टप्पा लागणार नाही. महिनाअखेरीस फाईल बंद."

एकवीसपैकी एकवीस. प्रयोगशाळेत असा निकाल आला असता तर मी आधी उपकरण तपासलं असतं.

५ फेब्रु.
फोटो राहिलेत असं सांगून परत गेले. घर क्र. ९, शेवंताबाई. घरात त्या नि शाळेत जाणारी नात. नळ, न्हाणी, फरशी, सगळं चकचकीत. पण अंथरुणं मागच्या टिनाच्या शेडात. अर्जात 'झोपता कुठे' हा प्रश्नच नाही.

भांड्यांच्या मांडणीमागे भेग. खिडकीच्या कोपऱ्यातून छताकडे तिरकी, काँक्रीटचा पट्टा ओलांडून. तीन मिमी रुंद. धक्का बसला तर चारही भिंती धरून ठेवणारा तोच पट्टा.

"ही भेग केव्हाची?"
"बरं हाय घर."
"मग शेडात का झोपता?"
"हवा लागते."
फेब्रुवारीत.

६ फेब्रु.
पुन्हा तेच विचारलं. शे. बाईंनी मनगट धरून मला बाहेर नेलं. ओटा उतरून, नाली ओलांडून, थेट रस्त्यावर.

"आता इचारा. घरात बसून घराले नावं ठेवू काय? वास्तू तथास्तु म्हन्ते. एवढं सिकल्या, न् एवढं मालूम नाई?"

शेजारचे गजाननभाऊ तूर वाळवत होते. हसून म्हणाले, "मॅडम, तुमी आत बसून इचारलं, तं घर आयकून राह्यलं होतं ना!"

मग शे. बाई सलग बोलल्या. "भांडं वाजलं तरी मी भाईर पळते. त्या कोपऱ्याखाली नातीले कशी निजवू? बांधनाऱ्याले दाखोलं होतं. थो म्हने, पिलास्टरचीच हाय, चालते."

मंगरूळपीरला माझी आईही घरात असं काही बोलू देत नाही. मी ते अंधश्रद्धेच्या खात्यात टाकून मोकळी. सर्वेक्षणाच्या पद्धतीत हे धरायला हवं होतं.

७ फेब्रु.
एकवीसही घरं पुन्हा. सगळे प्रश्न रस्त्यावर, उभ्याने. सात घरं खरंच खूश, एक आजी म्हणाली, "न्हानीले दार हाय, मले अजून काय पाह्यजे?" हेही लिहिलं. चौदा घरांत तक्रारी. त्यांतल्या पाच घरांत तीच तिरकी भेग; पाचही घरची माणसं बाहेर झोपतात.

नियमाप्रमाणे उत्तरं वाचून दाखवून सही घ्यायची. शे. बाईंची एकच अट : कागद उंबऱ्याच्या आत न्यायचा नाही. स्कूटीच्या सीटवर ठेवून अंगठा घेतला.

निघताना : "आता व्हईल ना वो काही?"
मी 'हो' म्हणाले नाही. 'कळवते' म्हणाले.

८ फेब्रु.
साहेबांना फोन.
"पहिला अहवाल तुझाच ना? मग चुकलं कोण?"
"मी."
"उद्या म्हणशील, दुसराही चुकला."
"भेग मोजलेली आहे, सर. ती कोणाला घाबरून बोलत नाही."
मग, "तुझा करार मार्चपर्यंत ना? लेखी पाठव. बघू."

माझं शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण चूक नव्हतं.

९ फेब्रु.
पाठवलेल्या पत्राची नक्कल :

'माझ्या सहीचा पहिला अहवाल मी मागे घेत आहे. घरमालकांना घरातच बसवून प्रश्न विचारले, ही पद्धतीतली चूक माझी. नवी उत्तरं, पाच घरांतल्या भेगांची मापं व फोटो सोबत आहेत. या पाच घरांत सध्या कोणी झोपत नाही. भिंती तपासून दुरुस्ती होईपर्यंत फाईल बंद करू नये. घर क्र. ९ आधी घ्यावं. निर्णय काहीही असो, २० फेब्रुवारीपर्यंत लेखी कळवावा.'