शेंड्यावरची पानं

आबा, आज बेंबळीच्या एका शेतात मी एक लहानसा कडुलिंब शेंड्यापर्यंत वरबाडला. तुम्ही असता तर चारा ओढायची आकडी माझ्याच पाठीत घातली असती. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली, त्यामुळं मी हल्ली काय करते ते सांगायला हवं. झाडाभोवती चार ठिकाणी एक यंत्र मांडते. त्यातून लेसरचा किरण फिरतो, पानाफांद्यांवर आपटून परत येतो, आणि त्यावरून झाडावर एकूण किती चौरस मीटर पान आहे याचा अंदाज काढायचा. तुम्ही खालून नुसतं वर बघून सांगायचात, "धा शेरडांचं दोन दिस भागतंय बघ." माझ्या यंत्राला अर्धा दिवस लागतो, आणि वारा सुटला की तेही रुसून बसतं.

अंदाज खरा की खोटा हे बघायला एखाद्या झाडाची सगळी पानं तोडून हातानं मोजावी लागतात. मदतीला गावातल्या दोन बायका होत्या. शेंड्यापाशी आल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "तेवढं राहू द्या." "येवढंच कशाला ठिवता, मॅडम?" एकीनं विचारलंही. मला आपल्या येडशीचा तो उन्हाळा दिसत होता. मी दहा वर्षांची, शेळ्या नुकत्याच व्यालेल्या, आणि त्यांच्यासाठी हौसेनं मी अख्खा लिंब बोडका केलेला. तुम्ही येता, वर बघता. "शेंडा ठिवायचा असतोय, कळत न्हाय व्हय? त्यानं आता फुटायचं कशानं?" मारलं नाहीत. पालवी दिसेपर्यंत रोज एक घागर त्या झाडाला घालायला लावलीत. फार राग आला होता मला तुमचा.

संध्याकाळी आकडे जुळेनात. पानाआड पान दडतं म्हणून यंत्र एरवी कमीच सांगतं. आज हातानं मोजलेल्यापेक्षा जास्त सांगत होतं. आमचे सर आज यंत्र चालवणाऱ्या सहकारी बाईंवर घसरले. त्यांची नोकरी अजून पक्की नाही. त्या रडवेल्या होऊन पुन्हा पुन्हा सगळं तपासत राहिल्या आणि मी पाचेक मिनिटं गप्प बसले, याची लाज वाटते. मग सांगितलं, शेंड्याची पानं तोडायची राहिलीत.

सर म्हणाले, "राहिली कशी?"

उद्या शिडी लावून ती मीच तोडणार आहे. काम ते काम. पण आबा, सरांना मी "चुकून" म्हणाले. माझे वडील शेळ्या राखायचे आणि त्यांनी मला असं शिकवलंय, एवढं त्या चार शिकलेल्या माणसांत माझ्याच्यानं बोलवलं नाही.